कुंदा, दिवेआगरचा समुद्र आणि आमची कपड्यांची पिशवी

टॉवर चौकात रविवारच्या पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता कुंदाने जाहीर केलं, “मला समुद्र पाहायचा आहे. नुसता पाहायचा नाही, आत जाऊन उभं राहायचं आहे.” हे ऐकून वंदनाच्या हातातली जलेबी परत कागदावर गेली.

कारण कुंदा पाण्यात जात नाही. जन्म उज्जैनचा, वय बावन्न, आणि ही बाई शाळेत असल्यापासून रामघाटावर पाण्याच्या वरच्या तिसऱ्या पायरीच्या खाली उतरलेली नाही. सोमवती असो, संक्रांत असो, नाहीतर सिंहस्थ असो, आम्ही डुबकी मारणार आणि कुंदा वर सामान सांभाळत बसणार. घाटावर प्रत्येक टोळीला अशी एक सामानवाली लागतेच. कोरड्या पायरीवर कपड्यांची पिशवी ठेवायची, शेजारी एकीने बसायचं आणि माकडं, गायी आणि भुरटे चोर यांच्यावर नजर ठेवायची. आमच्या सामानवालीने चाळीस वर्षांत एक रुमालसुद्धा हरवू दिलेला नाही.

आणि ती पाण्यात जात नाही ती माझ्यामुळे. आम्ही तिघी पाचवीत होतो. कुंदा शेवटच्या पायरीवर वाकून पाण्यात हात घालत होती आणि मला काय बुद्धी झाली कोण जाणे, गंमत म्हणून मी तिला मागून ढकललं. खाली शेवाळ होतं. ती सरळ पाण्याखाली गेली. एका नावाड्याने वेणी धरून तिला वर काढलं. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही, मग बोलायला लागली, मैत्रीही होती तशीच राहिली. पण तेव्हापासून पाणी दिसलं की ती मला स्वतःच्या मागे उभं राहू देत नाही. आधी वळून बघते, मी कुठे आहे ते. सगळे हसतात, मीही हसते, पण दर वेळी मला ते लागतं.

म्हणून त्या रविवारी तिने चमचा माझ्यावर रोखला तेव्हा मला काहीच नवल वाटलं नाही. “शर्त ऐकून घे. कोणी मला ओढायचं नाही. आणि तू माझ्या मागे राहायचं नाही. पूर्ण ट्रिप!”

“मंजूर,” मी म्हटलं. “पुढेच राहीन. तुझी पायलट गाडी.”

जागेवरून थोडा वाद झाला. वंदनाला गोवा हवा होता. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशा उघडायचा हक्क तिचाच. पण कुंदाला उथळ, सपाट किनारा हवा होता आणि मला घरगुती जेवण. दिवेआगर ठरलं. उज्जैनहून पुण्यापर्यंत रेल्वे, तिथून तीन दिवसांसाठी गाडी. तुम्ही जाणार असाल तर रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी करा आणि शनिवार-रविवार टाळा. आम्ही जानेवारीत, सोमवार ते बुधवार गेलो. राहायला सुपारीच्या वाडीतली एक खोली मिळाली, नाश्ता आणि दोन जेवणं धरून माणशी रोजचे पंधराशे.

घरून निघताना माझ्या नवऱ्याने सामान मोजलं आणि विचारलं, “समुद्रावर चालल्या आहात की संसार मांडायला?” तिघींच्या मिळून सहा पिशव्या होत्या, त्यातली एक निव्वळ शेव, चिवडा आणि बाफल्याच्या, म्हणजे आमच्या माळव्यातल्या बाटीच्या पिठाची. पीठ कशाला, ते वंदनाला आजही सांगता येत नाही.

सकाळी पुण्याला उतरलो. जिन्यावर मी पुढे, कुंदा मागे. गाडीत मी पुढे, कुंदा मागे. चालकदादांनी दोन-तीनदा हा प्रकार पाहिला आणि न राहवून विचारलं, “या ताईंचा काही नवस आहे का?” वंदनाने त्यांना पाचवीपासूनची सगळी कथा सांगितली. मुळशी मागे पडलं तरी ती संपली नव्हती. ताम्हिणी घाटाची वळणं पोट ढवळून काढतात, तेव्हा आधी भरपेट मिसळ खायची चूक करू नका. आम्ही केली. माणगावला उतरून लिंबू-सोडा घेतला तेव्हा कुठे तिघींच्या तोंडावर रंग आला. पुढे म्हसळ्यापासून रस्ता अरुंद पण झाडांचा आहे, आणि मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. रोख पैसे जवळ ठेवलेले बरे.

खोलीच्या मालकीणबाईंना आम्ही वहिनी म्हणायला लागलो. त्यांनी कोकम सरबत दिलं आणि पाच मिनिटं आमचं बोलणं ऐकून विचारलं, “नागपूरच्या का तुम्ही?”

“नाही हो, उज्जैनच्या,” वंदना म्हणाली. “आमचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते, तेव्हापासून तिथेच सेटल होऊन गेलो.”

“गोड बोलता. पण समुद्रावर जाताना भरती-ओहोटी विचारून जा हं.”

“हो हो, ते मला माहीत आहे,” वंदना म्हणाली. “सव्वीस वर्षं सहावीला तेच शिकवते आहे.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

संध्याकाळी साडेपाचला सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि तिघींनी चपला हातात घेतल्या. इतकं मोकळं काही मी पाहिलेलं नव्हतं. लांबच लांब ओली वाळू, तिच्यात आभाळाचा नारिंगी रंग, आणि पार पलीकडे पाणी. कुंदा पाण्यापासून वीस पावलांवर थांबली. मी तिच्या पुढे, कबूल केल्याप्रमाणे, समुद्राकडे पाठ करून उभी राहिले. सूर्य बुडताना मला दिसलाच नाही, मी फक्त तिचा चेहरा पाहिला. ती रडत होती आणि हसतही होती.

“किती मोठा आहे गं! हा तर संपतच नाही.”

“येतेस?”

“आज नाही. आज ओळख झाली, बस.”

रात्री जेवणात वालाचं बिरडं, सोलकढी आणि उकडीचे मोदक होते. वंदनाने सुरमई मागवून आमच्याकडे पाठ करून खाल्ली, म्हणजे आम्हा शाकाहारींना दिसू नये. मोदक मी पाच खाल्ले. कुंदाने दोनच खाल्ले आणि विचारलं, “सकाळी लवकर जाऊ या का?”

उज्जैनच्या माणसाला स्नान म्हटलं की पहाटच सुचते. सव्वासहाला आम्ही किनाऱ्यावर हजर. समुद्र अगदी काल संध्याकाळी होता तिथेच होता. आम्हाला ते रास्तच वाटलं, घाटाखालची क्षिप्रासुद्धा असते तिथेच असते. घाटावर ठेवतो तशी आम्ही पिशवी पाण्याजवळ, वाळूच्या कोरडसर उंचवट्यावर ठेवली. आत तिघींचे कोरडे कपडे, टॉवेल आणि शेवेचा डबा. नशिबाने फोन खोलीत चार्जिंगला होते. शेजारी चटईवर सामानवाली बसली.

वंदना आणि मी पाण्यात शिरलो. नाक धरून ‘हर हर महादेव’ म्हणत पहिली डुबकी मारली आणि दोघी थुंकत वर आलो. त्यानंतर मात्र तासाभर आम्ही शाळकरी मुलींसारख्या ओरडत होतो. लाट आली की उडी, लाट गेली की पायाखालची वाळू सरकते म्हणून पुन्हा ओरडणं. कुंदा लांबून हात हलवत होती. मग तिने इकडेतिकडे पाहिलं. माकड नाही, गाय नाही, माणूसही नाही. आयुष्यात पहिल्यांदा सामान सोडून ती उठली आणि शिंपले वेचत किनाऱ्याने दूर निघून गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, ही पाण्यात नाही तर नाही, निदान सुट्टी तरी घेते आहे.

आठ वाजत आले असतील. मी वळून पाहिलं तर उंचवटा नव्हता. चटई पाण्यावर डुलत होती आणि पिशवी, आमची सगळी अब्रू पोटात घेऊन, तरंगत निघाली होती. एक लाट तिला किनाऱ्याकडे आणी, दुसरी आत ओढून नेई.

“भरती!” वंदना किंचाळली. सव्वीस वर्षांचा भूगोल तेव्हा आठवला तिला.

आम्ही दोघी बऱ्याच लांब होतो आणि पाण्यातून पळता येत नाही, हे तिथेच कळलं. पण कुंदाने पाहिलं होतं. ओढणी कमरेला बांधून ती पळत आली. मला वाटलं, पाण्याशी थांबेल. थांबली नाही. घोटे, गुडघे, मांड्या, तिला काही सुधच नव्हती. “अरे सामान! माझं सामान!” असं ओरडत ती कमरेइतक्या पाण्यात गेली, पिशवीचा बंद पकडला, आणि नेमकी तेव्हाच एक चांगली थोरली लाट तिच्यावर फुटली. कुंदा दिसेनाशी झाली.

मला पुन्हा तीच पायरी दिसली आणि तीच वेणी. मी कशीबशी पुढे सरकत होते, पण पाणी मला पुढे जाऊ देत नव्हतं.

मग पिशवी वर आली. पिशवीमागून कुंदा. केस तोंडावर, डोळे घट्ट मिटलेले, पिशवीचा बंद मुठीत.

“हे खारट आहे!” ती ओरडली. “एकदम खारट! सांगितलं का नाही कोणी?”

आणि मग आपण कुठे उभ्या आहोत ते तिला कळलं. तिने खाली पाहिलं. पुढची लाट येत होती. मी तिच्या पुढे जाऊन उभी राहिले, हात मागे घेऊन, कारण ओढायचं नाही असं ठरलं होतं. लाट आली तेव्हा कुंदाने उडी मारली. मग दुसऱ्या लाटेलाही मारली. तिसऱ्या वेळी पिशवी माझ्या गळ्यात टाकून म्हणाली, “घे, आता तू सांभाळ.”

मी सांभाळली. ओल्या कपड्यांची पिशवी मणभर जड लागते. कुंदा अर्धा तास बाहेर यायला तयार नव्हती आणि मी पिशवी गळ्यात घेऊन उभी होते. इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, हे लिहितानाही डोळे भरून येतात.

परत जाताना कोरडं काहीच नव्हतं. तिघी गावातून निथळत चाललो. ओट्यावर सुपारी निवडणाऱ्या एका आजींनी विचारलं, “पडलात का गं?”

“नाही आजी,” कुंदा म्हणाली, “मी स्वतःहून गेले.”

वहिनींनी आमचे कपडे वाडीतल्या दोरीवर घातले, दडपे पोहे दिले आणि वंदनाला विचारलं, “बाई, सहावीच्या मुलांना काय शिकवता नक्की?” पोह्यांवर घालायला शेव मात्र नव्हती, तिचा लगदा झाला होता. त्या दुपारी हरिहरेश्वरला गेलो. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकांवरून आहे आणि ओहोटीलाच मोकळी होते. यावेळी वंदनाने वेळ तीन जणांना विचारली. तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी कुंदा आणखी एकदा पाण्यात जाऊन आली, एकटी.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. पिशवीच्या शिवणीतून अजून वाळू निघते. बाफल्याचं पीठ न उघडताच परत आलं आणि परवा त्याचे बाफले झाले.

काल सोमवती होती. आम्ही रामघाटावर गेलो. कुंदाने नेहमीच्या पायरीवर पिशवी ठेवली, चटई पसरली आणि वंदनाला म्हणाली, “बस. आज तुझा नंबर.”

वंदना तोंड उघडे उघडेपर्यंत ही उतरायला लागली. दुसरी पायरी, पहिली, मग पाण्यातली. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मी तिच्या मागे होते. मी जागच्या जागी थबकले आणि दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून घेतले.

कुंदाने नाक धरलं. तिने वळून पाहिलं नाही.