घोडीखालची तार

पूर्णा जंक्शनच्या बाहेर, टांगे उभे राहत त्याच्या मागल्या अंगाला रंगनाथ मिस्त्रीचं मोटारी भरायचं दुकान होतं. भरायचं म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली काळी ठिक्कर पडलेली तांब्याची तार उपसायची आणि नवी गुंडाळायची. रंगनाथ चुडाव्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. वडील तात्याराव गावाकडं शेती बघत. लेकानं नांगर सोडून तारा धरल्या याचा राग त्यांनी कधी लपवला नाही. रंगनाथ मात्र तारेत रमला. मोटार भरून झाली की चालू करायच्या आधी तो तिच्यावर पालथा हात ठेवायचा आणि नुसत्या थरथरीवरून सांगायचा, कुठल्या खाचेत गडबड आहे.

त्र्याऐंशीच्या साली, उन्हाळ्यात, रेल्वेच्या लोको शेडमधला खलाशी पंडित त्याच्या दुकानात आला. पंडित भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा, त्याची बायको सत्यशीला मागं कोरस धरायची. तेव्हा नामांतराचे दिवस होते. सभा असो, लग्न असो की जयंती, पार्टीला उसंत नसायची. पंडितच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं.

"मिस्त्री, ही मुकी झाली हाय. हिला बोलतं करता का?"

पोत्यातून गिटार निघालं, पण रंगनाथनं सिनेमाच्या पाटीवर पाहिलेल्या गिटारासारखं नव्हतं. मान वीतभर जास्त लांब, तारा चारच, आणि त्याही सायकलच्या ब्रेकवायरसारख्या जाड. रेल्वेचा एक ख्रिस्ती गार्ड रिटायर होऊन लेकीकडं निघाला होता. माळ्यावर धूळ खात पडलेली ती जपानी बास, म्हणजे खालचे जाड सूर काढणारं गिटार, त्यानं जाता जाता पंडितला देऊन टाकली होती.

"मी मोटारी भरतो बाबा, बाजे न्हाई," रंगनाथ म्हणाला.

"उघडून तर बघा. न्हाई जमलं तर सरपण हायेच."

रंगनाथनं स्क्रू काढले. तारांच्या खाली एक काळी डबी बसवलेली होती. डबीत चार छोट्या चुंबकाच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तारेचं वेटोळं, ओलीनं हिरवं पडून जागोजाग तुटलेलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग हसला.

"अरे, ही तर डायनामोची धाकटी बहीण! चुंबकाम्होरं लोखंडी तार हालती, वेटोळ्यात वीज निपजती. बस, एवढंच हाय की."

एवढंच म्हणाला खरा, पण त्या एवढ्याशा डबीनं त्याचे तीन आठवडे खाल्ले. तेवढी बारीक तार दुकानात कुठली असणार? भंगाराच्या लिलावात त्यानं कधीतरी जुन्या रिले, म्हणजे विजेचे खटके, घेतल्या होत्या, त्यांच्या पोटातली तार त्यानं उलगडून काढली. गुंडाळायला बायकोचं शिलाई मशीन घेतलं. छबूबाई मशीनचं चाक फिरवायची, रंगनाथ दोन बोटांच्या चिमटीत तार धरून बसायचा. जरा ताण जास्त झाला की तार तुटलीच. शंभर वेढे झाले की छबूबाई वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायची. "लोकांच्या बायका ह्या मशीनीवर झंपर शिवत्यात," ती म्हणायची, पण वेढा चुकू द्यायची नाही.

डबी जोडून जुन्या रेडिओतून आवाज काढला तर घोंगडी पांघरून कुणी बोलावं तसा आला. वेढे जास्त झाले होते. पुन्हा उलगडून दोन हजार काढले. मग चुंबकं मंदावलेली निघाली. ट्रकच्या बॅटरीवर जाड तारेचं वेटोळं जोडून त्यानं ती पुन्हा ताजी केली. मग कळलं की डबी तारांच्या फार जवळ नेली तर चुंबक तारेलाच ओढून धरतं आणि सूर आंबतो; म्हणून ती पुठ्ठ्याचे तुकडे घालून खाली बसवली. वाकलेली मान आतल्या सळईचा नट आवळून सरळ केली. सगळं झाल्यावर पंडितनं सर्वात जाड तार छेडली आणि दुकानातले स्क्रू डब्यात नाचायला लागले.

"पोटात वाजलं की वो मिस्त्री!" पंडित छातीवर हात ठेवून ओरडला.

एकच खोट राहिली. हात तारांवर असला तरी गिटार सारखं घूंऽऽ करायचं. वायरीच्या लोखंडी पिनेला बोट लावलं की गप्प. रंगनाथनं दोन दिवस डोकं खाजवलं. तारा ज्या लोखंडी पट्टीवर टेकतात तिला पंडित घोडी म्हणायचा. रंगनाथनं तिच्याखाली बारीक भोक पाडलं, तारेचा एक तुकडा घोडीला टेकवून आतून अर्थिंगच्या टोकाला जोडला. म्हणजे चारी तारा अॅम्प्लिफायरच्या पत्र्याशी बांधल्या गेल्या. घूं बंद. इतकी शांतता झाली की बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला तो ऐकू आला. त्या डबीपेक्षाही या वीतभर तारेचा रंगनाथला जास्त अभिमान वाटला. ती कुणाला दिसत नव्हती आणि काम मात्र चोख करत होती.

पुढं दोन वर्षं पंडितचं दुकानात येणं-जाणं राहिलं. शेडमधून सुटला की काळे हात घासतच यायचा, छबूबाईच्या डब्यातली भाकरी अर्धी त्याची असायची. एकदा आबासाहेब म्हणून एक बागायतदार मोटार घेऊन आले. टेबलावर बास उघडी पडली होती. "रंगनाथ, पाहुण्यांत तोंड दाखवायचं हाय का न्हाई तुला? त्यांचे बाजे दुरुस्त करायलायस?" असं म्हणून त्यांनी मोटार पुन्हा गाडीत टाकायला लावली. पंडित तिथंच होता. रंगनाथ म्हणाला, "जाऊ दे. त्यांची मोटार तशीबी खडखड करायची." दोघं हसले, पण पंडित त्या दिवशी जेवायला थांबला नाही.

जवळपास कार्यक्रम असला की रंगनाथ जायचा आणि पार मागं उभा राहायचा. लोक गाणं ऐकत. हा सगळ्या आवाजांच्या खालून चालणारा तो जाडा आवाज ऐके.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात पार्टीला येलदरीच्या बाजूच्या एका खेड्यात लग्नाची सुपारी होती. रंगनाथ त्या दिवशी दुकानातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टीतला ढोलकीवाला मुंजाजी दारात आला आणि आत न येता उंबऱ्यावरच बसला.

"पंडित गेला, मिस्त्री."

रंगनाथला आधी वाटलं, गावाला गेला. मग त्यानं मुंजाजीचं तोंड पाहिलं.

मुंजाजी सांगत गेला. पार्टीचा स्वतःचा अॅम्प्लिफायर बिघडला होता, म्हणून मांडववाल्याचा घेतला. वीज आकडा टाकून घेतलेली. धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी शिंपडलेलं. दुपारी चारच्या सुमाराला, पाहुणे जेवत असताना, पंडित अनवाणी उभा राहून सूर लावत होता. एकदम ताठ झाला. तोंडातून शब्द नाही. तारा मुठीत आवळलेल्या, सुटेनात. कुणीतरी लाकडानं आकडा खाली पाडला तोवर सगळं संपलं होतं.

"मांडववाल्याच्या मशीनीत करंट उतरला व्हता. तो पळून गेला, हरामखोर," मुंजाजी म्हणाला.

रंगनाथ टेबल धरून उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "त्याच्या आधी घूं यायलं व्हतं का?"

"घूं? न्हाई. आवाज एकदम साफ व्हता."

साफ म्हणजे घोडीखालची तार शाबूत होती. मशीनच्या पत्र्यात उतरलेली वीज लाकडी गिटाराच्या तारांपर्यंत जायला रस्ताच नव्हता. एकच होता, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं, भोक पाडून, करून दिला होता.

अंत्ययात्रेत तो सगळ्यांच्या मागं चालला. नदीकाठी सत्यशीलेला दोन बायांनी धरलं होतं. तिच्यासमोर जायचं म्हणून तो चार पावलं गेला आणि परत फिरला. गावाकडं जाऊन त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. तात्यारावांनी आधी दाराला कडी घातली.

"कुणाला बोललास?"

"न्हाई."

"मग बोलू बी नको. दिवस कसे हायेत बघायलायस न्हवं? अठ्ठ्याहत्तरला वस्त्या जळाल्या ते इसरलास? तू कोण, तो कोण. तार चुकून लावली म्हणून कोण इश्वास ठेवील? गावात आग लागंल. तोंड शिवून बस."

रंगनाथनं तोंड शिवलं. ते वडिलांसाठी की गावासाठी, असं तो स्वतःला विचारायचा. आणि खरं उत्तर त्याला ठाऊक होतं. तो भ्याला होता.

महिन्याभरानं मुंजाजी ती बास घेऊन आला. पार्टीत दुसरा वाजवणारा आला होता, तिला एकदा तपासून द्या म्हणाला. एकटा असताना रंगनाथनं ती उघडली. घोडीखालची तार होती तशीच होती. त्यानं ती मधे तोडली आणि तिथं शेंगदाण्याएवढा एक कंडेन्सर जोडला. त्यातून घूं वाहून जातं, पण माणसाला मारणारी वीज अडते. असले कंडेन्सर त्याच्या खणात पहिल्यापासून मूठभर पडलेले होते. त्याला ते तेव्हा सुचलं नव्हतं, एवढंच. कथलाचा डाग देता देता एक थेंब लाकडावर सांडला.

वर्ष गेलं. सत्यशीलेला रेल्वेच्या दवाखान्यात आयाची नोकरी लागली. पार्टीत आता मुख्य गाणं ती म्हणायची. रस्त्यात भेटली की "मिस्त्री, बरं हाय का?" असं विचारायची. तिचं ते विचारणं रंगनाथला सोसवेना. तो वाट बदलून जायला लागला. जेवण तुटलं. शेवटी छबूबाईच म्हणाली, "सांगून या. जे व्हायचं ते व्हईल. असं रोज मरताना मला न्हाई बघवत."

एका रविवारी सकाळी तो तिच्या रेल्वे क्वार्टरवर गेला. सत्यशीला ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं पोतं पसरलं, "बसा मिस्त्री."

तो बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. घूं, भोक, तार, आणि ती तार नसती तर काय झालं असतं ते.

सत्यशीलेचे हात सुपात थांबले होते. मग ती म्हणाली, "हे तुमाला कवा कळलं?"

"मुंजाजीनं सांगितलं त्याच घडीला."

"आन् आज आलात."

"भ्यालो, वहिनी. लोक म्हणतील, मुद्दाम केलं."

"मी म्हणले असते?"

रंगनाथ पायाजवळच्या पोत्याकडं बघत राहिला.

"त्यायनी तुमच्या घरची भाकर खाल्ली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तार तुमी त्यायच्या भल्यासाठीच लावली, एवढं मला कळत न्हाई व्हय? चूक माणसाच्या हातनं व्हती. पर मी वर्षभर त्या मांडववाल्याला तळतळाट दिले. रोज, चूल पेटवताना. फागणात त्याची लेक तापानं गेली, तवा मला वाटलं, बरं झालं. असं वाटलं मला, मिस्त्री. दुसऱ्याचं लेकरू गेलं आन् मला बरं वाटलं."

"चूक त्याची बी व्हती, वहिनी. करंट त्याच्याच—"

"अर्धी. अर्ध्या चुकीला मी सगळे शाप दिले. बाकीचे कुणाचे व्हते, ते तुमाला ठावं व्हतं आन् तुमी गप बसलात." तिनं सूप उचललं. "जावा आता."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तिनं त्याला रस्त्यात कधी हाक दिली नाही.

रंगनाथनं मग लपवायचं सोडलं. जो विचारील त्याला सांगितलं, न विचारणाऱ्यालाही सांगितलं. वस्तीतली काही तरणी माणसं चिडून आली, दुकानाची पाटी फोडली, काचा फोडल्या. मुंजाजीनंच त्यांना ओढून नेलं. रंगनाथनं पाटी पुन्हा लावली नाही. आग काही लागली नाही. तात्यारावांनी मात्र लेकाशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत.

पूर्णा, नांदेड, परभणीकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांची, बँडवाल्यांची, पार्ट्यांची जुनी गिटारं तो मागून मागून आणायचा, उघडायचा आणि प्रत्येकाच्या घोडीखालच्या तारेत एक कंडेन्सर बसवायचा. कार्यक्रम कुणाचाही असो, सकाळीच सायकलवर टेस्ट लॅम्प, लोखंडी कांब आणि मिठाची पिशवी घेऊन हजर व्हायचा. जमिनीत कांब ठोकायची, मीठपाणी ओतायचं, अर्थिंग करायची, एकेक मशीन हातानं तपासायचं. कुणी हसायचं, कुणी चहा द्यायचं. सत्यशीलेच्या पार्टीच्या वेळी तो ती यायच्या आत काम उरकून निघून जायचा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतराची बातमी आली. दोन दिवसांनी पूर्ण्यात दुपारचा मोठा कार्यक्रम ठरला. गर्दी इतकी, की रंगनाथला वेळेवर बाहेर पडता आलं नाही. तो स्टेजच्या मागं अडकला. गुलालानं सगळी माणसं एकाच रंगाची झाली होती. सत्यशीला स्टेजवर चढली. केस पिकले होते. माईकला हात लावायच्या आधी ती थांबली आणि मुंजाजीला म्हणाली, "मशीन मिस्त्रीनं बघितलं का?"

"बघितलं, ताई. सकाळीच."

तिनं मान हलवली आणि माईक धरला. मागं वळून पाहिलं नाही.

रंगनाथ गर्दीतून वाट काढत जनरेटरकडं गेला आणि त्याला टेकून बसला. डोळे गळत होते ते त्यानं पुसले नाहीत. स्टेजवर गाणं सुरू झालं असावं, कारण लोक हात वर करून नाचत होते. पण जनरेटरच्या धडधडीत त्याला गाणंही ऐकू आलं नाही आणि त्याच्या खालचा तो जाडा आवाजही.