ती फुलं नव्हती

माझ्या चिंचवडच्या स्टुडिओतल्या एका फोटोतली चांदीची फुलं लोकांना फार आवडायची. ती फुलं नव्हती, हे आता सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात मी दोन मोठे दिवे घेतले होते आणि प्रकाश पाडण्याच्या सरावासाठी मला काहीही चालायचं. एकदा लेथवर काम करणाऱ्या एका माणसाने पत्र्याचा डबा आणून उघडला. आत लेथवर कातताना निघालेल्या लोखंडाच्या किसाची वेटोळी होती. चिमटीत अलगद उचलून तो एकेक मांडू लागला.

"भंगार जमवता का राव?" मी चिडवलं.

"बनवलेला माल कंपनीचा. हे तेवढं माझं हाय. गावाकडं बाप इचारतो, दिवसभर करतोस काय. त्याला फोटो धाडायचाय."

दिवा लावला की नुसती चकाकी यायची. मग त्याला दिव्यापुढे पांढरं धोतर ताणून धरायला लावलं, दुसरा दिवा मागे सरकवला, आणि प्रत्येक वेटोळ्याची कड उजळली. कॅमेऱ्यातून आळीपाळीने पाहताना आम्ही दोघं नाचायचेच बाकी होतो.

फोटो न्यायला तो आला तेव्हा एका गिऱ्हाइकाने मी भिंतीवर लावलेली प्रत पाहून विचारलं, "चांदीची फुलं का?"

लोखंडाचा कीस म्हणायची मला लाज वाटली. मी हो म्हणालो.

लेथवाला शेजारीच उभा होता. फोटोचं पाकीट पिशवीत ठेवत म्हणाला, "झ्याक दिसत्यात फुलं."