पालखीपुढे बोललेलं औषध

आमच्या वरंधला शिमग्याची पालखी दारात आली की गुरव त्या घराचं गाऱ्हाणं देवाला घालतो. त्या वेळी तोंडातून निघालेला शब्द कुणी मागे घेत नाही. हे ठाऊक असून मी बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी मुंबईच्या प्रयोगशाळेत फ्लोरिनचं कॉन्ट्रास्ट बनवते. दुखणं नेमकं दिसावं म्हणून एमआरआयआधी शिरेतून देतात ते. शरीराचं स्वतःचं फ्लोरिन त्या चित्रात दिसत नाही, म्हणून सगळ्या काळोखात आम्ही घातलेलं तेवढंच उजळतं. सध्या ते उंदरांत उजळतं. गुरवाने विचारलं, "पोरीच्या औषधाचं काय सांगू देवाला?" सगळी वाडी उभी होती. मी म्हटलं, "पुढच्या शिमग्यापर्यंत माणसांना मिळेल." एवढी मिजास कुठून आली कोण जाणे. मागे आबांनी, माझ्या वडिलांनी, हात जोडले.

त्या पावसाळ्यात आबांची कूस दुखायला लागली. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडन्या थकल्यात, नेहमीचं कॉन्ट्रास्ट नको. साधा एमआरआय करू आणि गाठ दिसली तर तिचा तुकडा काढून तपासू. आबांनी मला काही कळू दिलं नाही; हे सगळं पुढे आईकडून कळलं. आमचं औषध किडनीला हात न लावता श्वासातून बाहेर पडतं, हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. तपासणी करून घ्या म्हणून आई विनवून थकली. "घरचा औषध येताय, मग परक्याचा कशाला? देवापुढं बोललीय ती," एवढंच त्यांचं उत्तर. दिवाळीला मी गेले तेव्हा ते एका हाताने कूस दाबून भात झोडत होते. म्हणाले, उसण भरलीय. मी मानलं. रोज उंदरांच्या गाठी शोधणारी मी.

माघात ते पिवळे पडले तेव्हा आईने फोन केला. साध्या एमआरआयमध्येच सगळं दिसलं. गाठी इतक्या पसरल्या होत्या की कॉन्ट्रास्टची गरजच पडली नाही. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

यंदा पालखी आली तेव्हा आबांना ओटीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. गाऱ्हाणं संपलं आणि त्यांनी माझा हात धरला.

"आला ना गो तुझा औषध?"

औषध उंदरांपलीकडे गेलं नव्हतं, इतक्यात जाणारही नव्हतं. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "होय, आबा." देवापुढे, दुसऱ्यांदा.

"मग दे," ते म्हणाले, आणि सदऱ्याची बाही वर सारायला लागले.