वरची तिरकी रेघ

आमच्या कारखान्यात दोन गोष्टी फेकायची पद्धत नाही: जुने ठप्पे आणि किस्से. ठप्पे फळीवर जातात, किस्से चहाबरोबर पुन्हा पुन्हा निघतात. कारखाना इंदूरकडच्या भैरवगढचा, कापडावर छपाईचा. मालक सलीमभाई, लाकडी ठप्पे कोरणारे त्यांचे काका रशीदचाचा, आणि परदेशी गिऱ्हाइकांना ईमेल लिहिणारी मी. वडील रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले, म्हणून घरात मराठी, बाहेर हिंदी आणि पगारासाठी इंग्रजी! तीन भाषा येतात म्हणून मी जरा तोऱ्यातच असायचे.

तो तोरा एका रेघेनं उतरवला.

*

हंगेरीच्या एका बाईंनी मुलीचं नाव छापलेले उशांचे अभ्रे मागवले. नावात a, आणि त्याच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ: á. चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. ते अक्षर नव्हे, आकार कोरतात, तोही उलटा. ती रेघ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं लाकूड, एकटंच उभं. तिसऱ्या वेळी छापताना तुटलं!

"रहने दीजिए चाचा, उसके बिना भी चल जाएगा," मी म्हणाले.

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "मैडम, नक्शे में लकीर है, तो किसी के मुँह में भी होगी."

देवास गेटच्या बाजारातून पितळेची पट्टी आणवली, कापली आणि लाकडात ठोकून बसवली. घरी जाऊन मी मोबाइलवर शोधलं. खरंच होती! हंगेरीत त्या रेघेमुळे 'आ' लांबतो.

*

मग आइसलंडची ऑर्डर. तीच रेघ. आता मी जाणकार! व्हिडिओ कॉलवर ऐटीत लांबलचक 'आ' म्हणून दाखवला. तिकडचे साहेब पोट धरून हसले. त्यांच्याकडे त्याचा उच्चार 'आउ'!

चाचा हातातला पितळेचा तुकडा उलटसुलट करून बघत राहिले. "पीतल तो वही है!"

*

स्पेनच्या एक गिऱ्हाईक बाई तर नदीवरचा राम घाट बघून थेट कारखान्यातच आल्या. त्यांची रेघ म्हणजे नुसता जोर, शब्द त्या जागी दाबून म्हणायचा. स्वतःचं आडनाव म्हणताना त्यांनी टेबलावर असा हात आपटला, की सलीमभाईंचा अर्धा चहा बशीत!

*

नव्या ठप्प्याची पहिली छाप चाचा गिऱ्हाइकाच्या कापडावर कधीच मारत नाहीत. ती भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या जुन्या गमछ्यावर. एक दिवस मी त्याच्यासमोर उभी राहिले. रेघ एकच, आणि तिच्यामागे तीन देशांचे गळे!

"कितना बड़ा है ये!" मी पुटपुटले.

"गमछा?" सलीमभाईंनी विचारलं.

*

या थंडीत चाचांचा हात थरथरायला लागला. सलीमभाईंनी इंदूरच्या, मशीननं ठप्पे कोरणाऱ्या माणसाशी बोलून ठेवलं. "चाचा, ये वाला ठीक बैठा तो ठीक, नहीं तो आगे से मशीन." जन्मभर चाचांनी दुसरं कामच केलेलं नाही.

'ये वाला' होता व्हिएतनामच्या लानबाईंचा. आईसाठी शाल, तिच्यावर एकच शब्द: má. त्यांच्या गावाकडे आईला अशीच हाक मारतात. आणि तिथे ती रेघ म्हणजे आवाज वर चढवायचा.

चाचांनी रेघ ठोकली, आणि नेमका हात हलला. गमछ्यावर छाप उमटली. रेघ नमुन्यापेक्षा कितीतरी उंच, पार आभाळाकडे निघालेली. सलीमभाईंनी मान फिरवली. मी माफी मागत फोटो पाठवला.

लगेच लानबाईंचा व्हिडिओ कॉल. त्या डोळे पुसत होत्या. "ही बदलू नका. लहानपणी मी नदीच्या पलीकडून आईला हाक मारायचे. आवाज असाच वर जायचा!"

मी चाचांना हिंदीत सांगितलं. सलीमभाई खाकरले. "इंदौर मैं मना कर देता हूँ."

चाचांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते फोनवर वाकले होते. "पूछो इनसे, उस पार से माँ सुन लेती थी?"

मी विचारलं. लानबाईंनी मान वळवून घराकडे जोरात हाक मारली, आवाज वर, आणखी वर.

आतून एका म्हाताऱ्या बाईची ओ आली.