मनुकांचा रस

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे घोटभर घेतात त्या विधीला, लागणारा द्राक्षरस आमच्या घरी तयार व्हायचा. द्राक्षरस आपला म्हणायला. असायचा तो काळ्या मनुकांचा. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधी आई मनुका भिजत घालायची, शनिवारी दुपारी उकळायची आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायची. घरभर गोड, जरासा करपट वास सुटायचा. त्या वासाने मला आजही मान खाली घालावीशी वाटते. ख्रिसमसच्या केकमध्ये मी मनुका घालत नाही. मुलं कुरकुर करतात, करू देत.

बाबा भोसरीकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून मिशनच्या बोर्डिंगात शिकून वर आलेले, त्यामुळे आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्यालाही मिळायला हवं, हे डोक्यात पक्कं. चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी ते एक होते. पाण्याचा पंप बिघडला तर बाबा, घंटेची दोरी तुटली तर बाबा, कुणाच्या मुलाला आयटीआयला प्रवेश हवा तरी बाबाच. पाळकसाहेब उपदेशात म्हणायचे, "घर, मंडळी आणि समाज यांना वाहिलेला माणूस!" बायकांच्या बाकावर आई माझ्या कानाशी पुटपुटायची, "यात घराचा नंबर पहिला कसा काय लागला?"

मंडळीतल्या पाच-सहा मुलांना बाबांनी कारखान्यात चिकटवलं होतं. त्यातला पहिला मामा. तो सख्खा मामा नव्हे. आईच्या गावचा, तिला ताई म्हणणारा, म्हणून बाबा त्याचे दाजी आणि तो आमचा मामा. तो लेथवर टर्नर होता. बाबा कौतुकाने सांगायचे, "त्याच्या हातचं काम मी तपासत नाही, सरळ पुढे पाठवतो." मामी आणि आई उपासना संपली की चर्चमागच्या नळावर प्रभुभोजनाचे पेले धुवायच्या, औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढे काचेचे पेले. मामी पाळकीणबाईंची नक्कल करायची आणि आई हसून हसून पेला हातातून सोडायची.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बाजारात बाहेरचा माल येऊ लागला, कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि माणसं जास्त झाली. मी तेव्हा बारावीत होते. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं, असं मी ठरवलं होतं. खरं तर ते सगळ्या पुण्याने आपापल्या मुलांसाठी ठरवलं होतं. बाबांना नव्या मशिनांच्या विभागाचं मुख्य केलं, तेव्हा घरी कॉम्प्युटर आणायचं त्यांनी कबूल केलं. मी ते मंडळीभर सांगून आले.

जुन्या विभागातून कुणाला काढायचं, हे मात्र बाबांनीच ठरवायचं होतं. त्यांनी सगळ्यात आधी नाव दिलं ते मामाचं.

हे बाबांनी आम्हाला सांगितलं नाही. कारखान्यातले एक साहेब, राहणारे सदाशिव पेठेत, बाबांच्या बढतीचे पेढे घेऊन विश्रांतवाडीत आमच्या घरापर्यंत आले होते. चहा पिताना म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे माणूस खुर्चीवर बसला की आधी गोतावळा सांभाळतो. यांनी उलटं केलं. आपल्या चर्चमधल्या माणसाचं नाव सगळ्यात वर. आता कोण बोट दाखवणार?" आई चिवड्याची बशी पुढे करत होती. ती तशीच आत घेऊन गेली. आणखी काही येतंय असं समजून साहेब बराच वेळ बसले.

ते गेल्यावर आईने विचारलं, "त्याचं काम वाईट होतं?"

"नाही."

"मग?"

"त्याला ठेवलं असतं तर लोक म्हणाले असते, ख्रिस्ती म्हणून ठेवला. मग बाकीच्यांना मी कोणत्या तोंडाने काढणार होतो?"

"म्हणजे तुमचा सदरा पांढरा राहावा म्हणून त्याची चूल विझवलीत."

"मी प्रार्थना करून ठरवलं," बाबा म्हणाले.

आई उठून आत गेली, आणि आमच्या घरात ती अशी आत गेली की भांडी बोलायची. बाबा खोटं बोलत नव्हते, याचाच मला जास्त त्रास झाला. लाचखाऊ बापाची लाज वाटणं सोपं आहे. चारचौघं ज्याला वाखाणतात त्या बापाची लाज वाटली तर ती सांगायची कुणाला?

पुढचा पहिला रविवार आला. आमच्यात एक जुना रिवाज आहे: भावाशी वाकडं असेल तर प्रभुभोजन घ्यायचं नाही, आधी समेट आणि मग पेला. पुरुषांच्या बाकांवर पेल्यांचं तबक बाबा फिरवायचे. ते मामापाशी आले. मामाने तबक दोन्ही हातांनी नीट धरलं, एकही पेला न उचलता शेजाऱ्याकडे सरकवलं आणि समोर बघत राहिला. आमची मंडळी डोळे मिटून सगळं बघते. दाराशी सगळे हात मिळवून सलाम करतात, तेव्हा मामाने बाबांचा हात धरला आणि म्हणाला, "सलाम, साहेब." तोवर तो त्यांना कधीही दाजीशिवाय दुसरं काही म्हणाला नव्हता.

मग दर महिन्याला हेच. आई रस करायची, बाबा तबक न्यायचे, मामा पुढे सरकवायचा. मधल्या काळात तो आळंदी रोडवर कुणाची तरी रिक्षा चालवू लागला होता. मी क्लासला जायला स्टॉपवर उभी दिसले की थांबायचा. "बस पोरी, सोडतो." नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून मी बसायची. भाडं तो कधीच घ्यायचा नाही. त्या सीटवर मला नीट टेकून बसताही यायचं नाही. त्याच्या मानेकडे बघत मी मनात बाबांवर चिडायची, आणि बाबांनी दिलेली क्लासची बॅग मांडीवर घट्ट धरून ठेवायची.

आई म्हणायची, "त्याच्या घरी जा आणि माफी मागा." बाबा म्हणायचे, "माफी मागायला आधी चूक तर व्हायला हवी." पण त्यांचं जेवण कमी झालं होतं, घड्याळाचा पट्टा मनगटावर फिरू लागला होता.

मग एका पहिल्या रविवारी सगळ्यांना वाटून झाल्यावर पाळकसाहेब पंचांसमोर तबक घेऊन आले, तेव्हा बाबांनी हात पुढे केला नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझा भाऊ घेत नाही तोवर मीही घेणार नाही." मागे कुणीतरी नाक ओढलं. बाहेर लोकांनी बाबांना गराडा घातला. "केवढं मन! केवढी ही नम्रता!" माझीसुद्धा मान घटकाभर वर झाली, खोटं कशाला बोलू. मामा केव्हा निघून गेला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "हेच त्याच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. पत्ता ठाऊक होता तुम्हाला."

त्या महिन्यात मामाच्या घरी माणसांची रीघ लागली. पाळकसाहेब जाऊन आले, पंच जाऊन आले, महिला मंडळाने तिथे प्रार्थनासभा ठेवली. पुढच्या पहिल्या रविवारी बाबा तबक घेऊन मामासमोर थांबले. मामाने पेला उचलला. मान खाली घालून, कडू औषध घ्यावं तसा प्यायला. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीचं गीत घ्यायला सांगितलं आणि सगळे इतक्या मोठ्याने गायले की पेटीचा सूरही ऐकू येईना. दाराशी बाबांनी मामाला मिठी मारली. मामा म्हणाला, "सलाम, साहेब."

मागे नळावर आई आणि मामी पेले धूत होत्या. मी फडक्याने पुसत होते. आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. "देवानं ऐकलं गं," ती म्हणाली.

मामी पेला विसळत होती. तिने वर बघितलं नाही. "देवाचं काय न्हाई, ताई. महिनाभर जो येईल तो एकच सांगायचा, तुमच्यापायी साहेब प्रभुभोजनाविना उपाशी राहिले. घ्यावाच लागला यांना. आमच्या घरात खरंच चूल पेटत नव्हती, तवा यातलं कुणी उंबऱ्यावर आलं न्हाई."

ती रागाने बोलत नव्हती. पाणी वाहत होतं. आई हातातला पेला धूत राहिली, तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल, निदान मामीचा हात तरी धरेल. मला लाजेने तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण पेले पुसायचे राहिले होते.

आपण फार बोललो असं मामीलाच वाटलं असावं. तिने पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघून हसली. "आणि हिचा तो कॉम्प्युटर? आला का गं घरी?"

तो आदल्याच आठवड्यात आला होता. समोरच्या खोलीत टेबलावर होता, आईने स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर पांघरून. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "नाही गं अजून. बघू कधी जमतंय."

माझ्या आईला मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"आला की सांगा," मामी म्हणाली, "पोरांना घेऊन बघायला येते."

आई हो म्हणाली. त्यानंतर तिने त्यांना आमच्या घरी कधीच बोलावलं नाही.