दोन राज्यांची एक यादी

मी कर्नाटकाच्या सीमेवर, हुलसूरकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. त्या पावसाळ्यात आमच्या गावात जुलाब-उलट्यांचे दोनच रुग्ण नोंदले होते, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण घरभेटीत एक बाई सहज बोलून गेली, "माझी जाऊबी जुलाबानं पडलीया अक्का. तिला महाराष्ट्रातल्या दवाखान्यात नेलं. ते जवळ पडतंय."

आमच्या यादीत ती जाऊ नव्हती. असणार कशी? आमची नोंद कन्नडमध्ये बेंगळुरूकडे जाते, पलीकडची मराठीत मुंबईकडे.

पलीकडच्या गावच्या नर्सला मी फोन लावला. ती म्हणाली, "माझ्याकडं सात जण हायेत, त्यातले चार तुमच्याकडचे. मी तुलाच इचारणार होते."

दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारून आम्ही मोबाइलवर एक सामाईक तक्ता उघडला. नाव लिहायचं नाही. फक्त वस्ती, आजार सुरू झाल्याचा दिवस आणि पाणी कुठलं. रकान्यांची नावं मी दोन्ही भाषांत टाकली. ती तिथून भरत होती, मी इथून. दुपारपर्यंत पाण्याच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच उत्तर आलं: शिवेवरची विहीर.

विहिरीचे मालक, एक म्हातारे शेतकरी, भडकलेच. "आज्याच्या टायमापासून हेच पाणी पितोत आमी. आताच कामून वाईट झालं?"

मी तक्ता मोठ्यानं वाचायला लागले. पलीकडच्या एका वस्तीचं नाव ऐकून ते खाली बसले. "माझी लेक तिथंच दिलीया. तीबी पडलीया," ते म्हणाले. "हितलंच पाणी जातंय तिच्या घरी." मग उठून त्यांनी विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

तपासणीत कळलं, ओढ्याचं गढूळ पाणी विहिरीत झिरपत होतं. विहीर बंद झाली, दोन्ही गावांना टँकर आले. आठवड्याभरात तक्त्यात नवी ओळ पडायची थांबली. म्हाताऱ्यांची लेकही उठून हिंडू लागली.

पुढं दोन्हीकडच्या डॉक्टरांची एकत्र बैठक झाली. सीमेवरच्या सगळ्या गावांसाठी असाच तक्ता ठेवायचं ठरलं, आणि तो समजावून सांगायला आम्हा दोघी नर्सना उभं केलं. मी आधी कन्नडमध्ये बोलले, मग मराठीत. समोरच्या दोन्ही बाजू वह्यांत लिहून घेत होत्या. शेजारी उभी असलेली ती हळूच म्हणाली, "बघायलीस न्हवं? दोन्ही राज्यं एकच यादी लिहायलीत."

"व्हय," मी म्हटलं. आणि पुढचा रकाना दोन्ही भाषांत वाचून दाखवला.