शैलाताईंचा समुद्रकडा

येरवड्याच्या शैला सोनवणे यांनी चाळिशीत कडे चढायला सुरुवात केली, तेव्हा अख्ख्या गल्लीने त्यांना वेड्यात काढलं होतं. टपाल खात्यातली बरी नोकरी, शांत नवरा, मुलगी कॉलेजात, आणि ही बाई रविवारी पहाटे दोर खांद्यावर टाकून निघते! शैलाताई निघतच राहिल्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत सह्याद्रीतले कितीतरी कडे चढल्या, गिर्यारोहण क्लबातल्या निम्म्या पोरांना दोराची पहिली गाठ मारायला शिकवली. मग गल्लीने कौतुक सुरू केलं. गल्लीचं काय, तिला दोन्ही जमतं.

मागच्या वर्षी मात्र त्या पडल्या. तेही कड्यावरून नव्हे, घरच्या बाथरूममध्ये. उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला, पण शैलाताईंचा त्याच्यावरचा भरवसा काही परत आला नाही.

अशात क्लबाचं ठरलं, यंदा कोकणात समुद्रकड्यावर जायचं. बेत आखायचं काम अर्थातच शैलाताईंचं, त्यामुळे बैठकही त्यांच्याच घरी. क्लबातल्या निकिताला पौर्णिमा हवी होती.

"फुल मूनला फोटो काय भारी येतील, ताई!"

"आणि उधाण येईल त्याचं काय? कड्याच्या पायथ्याशी पाय ठेवायला जागा राहणार नाही. अष्टमीच्या आसपास जाऊ, तेव्हा भरती बेताची असते."

गाड्या ठरल्या, मुक्काम ठरला, चढायच्या जोड्याही लागल्या. शेवटी शैलाताई कप गोळा करत सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "मी वर थांबते. सामानापाशी कुणीतरी हवंच."

समुद्रकड्याची रीतच उलटी. आपल्याकडे पायथ्यापासून चढायचं, नाही जमलं तर खाली उतरून घरी जायचं. तिथे आधी दोराने खाली उतरायचं, आणि खाली समुद्र. वर चढून येण्याशिवाय दुसरी वाट नाही. अर्ध्यात खांद्याने दगा दिला तर? हा प्रश्न त्या महिनाभर गिळून बसल्या होत्या. जायची इच्छा तर अशी, की वर बसून दुसऱ्यांचं चढणं बघायची नुसती कल्पनाही सोसत नव्हती.

"सामान कोण पळवणार आहे तिथे? खेकडे?" अनिरुद्ध म्हणाला. तो शनिवार पेठेतला. गोड बोलण्याचं त्याला वावडं. "तुम्ही माझ्या जोडीला आहात."

"आणि खांदा अडला तर?"

"तर ओढून काढू."

मग निकिताच्या पोटात राहिलं नाही. गेले काही रविवार ऑफिसचं काम सांगून ती आणि अनिरुद्ध गायब होत होते, ते कात्रजच्या बाजूला एका कड्यावर कप्प्या लावून वाळूचं पोतं वर ओढायचा सराव करायला. "पहिल्यांदा ते उलटंच लटकलं, ताई! आता मात्र एकदम स्मूथ येतंय."

शैलाताई कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पोरं आपल्याला टाळतात, आता आपली अडचण होते, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. आणि ही पोरं भर उन्हात त्यांच्यासाठी वाळू ओढत होती! त्यांचे डोळे भरून आले.

"फार केलंत रे माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "कसे उपकार फेडू तुमचे?"

"भाषण नंतर करा," अनिरुद्ध खिडकीबाहेर बघत म्हणाला. त्याचाही आवाज जरा बसलाच होता. "पोत्यात पन्नास किलो भरली होती. अंदाजाने. बरोबर आहे ना?"

पन्नासचा आकडा शैलाताईंनी लग्नाआधी कधीतरी पाहिला होता. स्वयंपाकघरात नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. त्यांनी तिकडे एकदा डोळे वटारले, मग पदराने ते पुसले आणि हसल्या.

"अडुसष्ट," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पोतं नीट भरा. मी खाली उतरणार आहे."